बशीतला रुपया

बाब पडवीत उभे होते. एका हातात बशी, दुसऱ्या हातात प्लास्टिकची इवलीशी गोल डबी. आणि बशी रिकामी होती.

"गो, हयसर एक रुपयो होतो. खंय गेलो?"

मला बोलता येत नव्हतं. तोंड होतं, जीभ होती, पण बोलायचं नव्हतं. मिठबावहून सासूबाईंनी फोनवर तीन तीनदा बजावलं होतं, की दृष्ट काढून तिठ्यावर टाकायची, जाताना कुणाशी बोलायचं नाही, येताना मागं बघायचं नाही, घरी येऊन पाय धुवायचे, बाळाच्या डोळ्यांना पाणी लावायचं आणि मगच तोंड उघडायचं, नाहीतर केलेलं सगळं फुकट. मी तिठ्यावरून आत्ता पळत आले होते, धाप लागली होती, पाय धुवायचे होते आणि पाण्याचं पिंप नेमकं बाबांच्या पाठीमागे. आत बाळ पार्वतीवहिनींच्या मांडीवर रडत होता. दोन दिवस ताप, रडून रडून आवाज बसलेला, मांजराच्या पिलासारखा नुसता बारीक.

"तुकाच इचारतंय. बशीत रुपयो होतो."

मी मान हलवली. हो अशी पण नाही आणि नाही अशी पण नाही.

"मान कित्याक हलयतंस नंदीबैलासारखी? जीब खंय ठेवन इलंस?"

मी त्यांना जवळजवळ ढकलूनच पिंपाकडे गेले. एका तांब्यात दोन पाय धुतले, तोच ओला हात घेऊन आत धावले, बाळाच्या डोळ्यांना लावला, बाळ अजून जोरात रडला, आणि तशीच बाहेर येऊन म्हटलं, "बाब, तो रुपयो मिया तिठ्यार टाकलंय. दृष्ट काढूक घेतलंय. उद्या दुसरो देतंय."

बाब पायरीवर बसले. बशी मांडीवर ठेवली, डबी बशीत ठेवली, आणि डबीकडे बघत राहिले.

"दुसरो," ते म्हणाले. "दुसरो देतलंस तू."

तेवढंच. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता बाब कोण ते सांगायला पाहिजे, नाहीतर एका रुपयासाठी एवढा जीव कशाला घाबरला असं वाटेल तुम्हाला. बाब आमचे घरमालक. आमचे हे ट्रॉलरवर खलाशी, गेले की दहा दहा बारा बारा दिवस समुद्रात, म्हणून आम्ही बंदराजवळ खोली बघितली ती बाबांच्या घराच्या मागच्या अंगाची. पडवी दोघांची एक. बाब एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी गोव्याला दिलेली, नाताळाला येते आणि बापाला ओरडून जाते. जन्मभर बाब कंडक्टर होते, रेडी गावाला जाणाऱ्या एसटीवर. निवृत्त झाले पण गाडीतून उतरले नाहीत, असं पार्वतीवहिनी म्हणायच्या. वहिनी आमच्या शेजारीण, मासे विकतात, कुणालाच सोडत नाहीत. पण ते खरं होतं. बाब घरात उभे राहायचे तेसुद्धा पाय फाकवून आणि एक हात वर करून, जसा काही दांडा आहे. चहा घेताना कप छातीशी धरायचे, सांडू नये म्हणून. घर हलत नव्हतं हो, पण त्यांना कोण सांगणार.

आणि पडवीत घंटी. जुन्या गाडीची असावी तसली, दोरी बांधलेली. येणाऱ्यानं एकदा ओढायची. एकदा म्हणजे थांबा. बाब आतून यायचे. आणि आलेला माणूस फार वेळ बसला, गजाली संपेनात, की बाब बोलता बोलता उठायचे आणि दोरी दोनदा ओढायचे. ठण ठण. म्हणजे गाडी सुटली, उतरायचं असेल तर उतरा. मी नवीन होते तेव्हा मला कळलंच नाही. मी भाड्याच्या खोलीत उंदीर आहेत ते सांगत होते, बाबांनी घंटी वाजवली, मी तशीच सांगत राहिले. पार्वतीवहिनींनी मला हाताला धरून उठवलं. "चल गो, गाडी गेली."

गावात त्यांना चिल्लरबाब म्हणायचे. तोंडावर बाब, पाठीमागे चिल्लरबाब. दर सोमवारी सकाळी कंडक्टरची ती जुनी चामड्याची पिशवी गळ्यात घालून निघायचे आणि सगळ्या बाजारातली चिल्लर गोळा करायचे. नोटा द्यायच्या, नाणी घ्यायची. दुकानदार, भाजीवाल्या, चक्कीवाला, चर्चची दानपेटी, सगळीकडे फिरायचे. बँकेत जाऊन शंभर शंभर नाण्यांची पिशवीसुद्धा आणायचे. मग आठवडाभर पडवीत बसून एकेक नाणं बघायचे. भिंग डोळ्याला, खाली हिरवं फडकं. एक बाजू, दुसरी बाजू, कड. परत एक बाजू. सगळं बघून झालं की पन्नास पन्नासचा मनोरा, आणि त्याचा रोल. जुन्या कॅलेंडरच्या पानात घट्ट गुंडाळायचे, दोन्ही टोकं दुमडायचे आणि तिकिटाला भोक पाडायच्या त्या जुन्या चिमट्यानं टोकाला एक भोक पाडायचे. भोक असलं की दुकानदार रोल मोजून घेत नसत. बँकेचं मोजतील पण बाबांचं मोजणार नाहीत. हल्ली लोक फोननं पैसे देतात, नाणी कुठं दिसत नाहीत, त्यामुळे सुट्ट्यांसाठी दुकानदार बाबांची वाट बघत असत.

आणि हे सगळं कशाला, तर चुकलेलं नाणं मिळावं म्हणून. टाकसाळीत कधी कधी नाणं चुकतं. ठसा सरकतो, कड कापली जाते, दहाच्या नाण्याची आतली चकती तिरकी बसते. असलं नाणं बाहेर पडत नाही म्हणे, तिथंच वितळवतात, पण एखादं सुटतं.

"शंभर माणसां धडधाकट जल्माक येतत गो," बाब म्हणायचे, "तेंका कोण बघता? एखादो तिरको आसता तोच ध्यानात ऱ्हवता."

"तुमच्यासारको," वहिनी म्हणाल्या.

"माझ्यासारको. म्हणान तर तू रोज हयसर येतंस."

नाण्यावर साल असतं ना, त्याच्या खाली बारीक खूण असते, ती मला बाबांनी दाखवली. आठवीनंतर माझी शाळा सुटली, पण हे मात्र मी पाठ केलं. चांदणी म्हणजे हैद्राबाद. ठिपका म्हणजे नोएडा. चौकट म्हणजे मुंबई, पत्त्यातल्यासारखी. आणि काहीच खूण नसली तर कलकत्ता. बाब माणसांनाही तशीच नावं ठेवायचे. मी चांदणीची टिकली लावायचे म्हणून मी हैद्राबाद. आमचे हे कधी घरात दिसत नाहीत, खाणाखुणा काही नाहीत, म्हणून ते कलकत्तो. बाळाच्या गालावर मी काजळाचा ठिपका लावायचे, तर तो नोएडा. "आज नोएडा कित्याक रडता?" असं भिंतीपलीकडून विचारायचे. आणि वहिनी म्हणाल्या, मगे मी काय, तर म्हणाले, "तुका अजून चलनात आणूकच नाय."

वहिनी चार दिवस बोलल्या नाहीत. मग मोठे बांगडे आणून दिले आणि भांडण मिटलं.

मी पण एकदा मार खाता खाता वाचले. खोलीत येऊन आठ दिवस झाले होते, बाबांचं मन जिंकावं म्हणून मी त्यांच्या पडवीतली डबाभर काळी नाणी चिंच लावून घासली. समईसारखी लखलखीत केली. फडक्यावर मांडून ठेवली. बाब आले, बघितलं, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "माझ्या बापाशीचो फोटो आसा भितर, तेचोय चेरो घासून काढ. सुरकुत्यो लय झाल्यात तेका." मला हसायचं की रडायचं कळेना. "घाण ऱ्हवांदे गो. ती घाण न्हय, ती तेची वरसां." तेव्हापासून मी त्यांच्या एकाही नाण्याला हात लावला नाही. शपथेवर सांगते. त्या संध्याकाळपर्यंत.

लाखांच्या गोष्टी मात्र त्यांना आवडायच्या नाहीत. फोनवर ते व्हिडिओ येतात ना, देवीचं पाच रुपयाचं नाणं असेल तर लाख रुपये मिळतील वगैरे. पार्वतीवहिनींच्या नवऱ्याकडे होतं तसलं. त्यानं फोनवर कुणाला तरी नाव नोंदवायची म्हणून पाचशे रुपये फी भरली आणि नाणं घेऊन बाबांकडे आला. बाबांनी भिंग लावलं, एक बाजू, दुसरी बाजू, कड.

"बरां आसा," म्हणाले. "पाच रुपयाचा आसा."

"बाब, मी पाचशे भरलंय."

"मगे आता तां पाचशे पाचाक पडला तुका. म्हाग नाणा आसा. जपान ठेव."

आणि उठून ठण ठण.

तर असा माणूस. तो सोमवारच होता. सकाळी ते चिल्लर मागायला माझ्या दारात आले, मी बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होते, मी डब्यातली सगळी नाणी त्यांच्या पिशवीत ओतली, त्यांनी वीसची नोट आणि वर दोन दहाच्या दिल्या. म्हणजे माझ्या घरात एक नाणं उरलं नाही. हे ध्यानात ठेवा. मग दुपारी बाब पडवीत बसले होते आणि एकाएकी त्यांनी घंटी एकदा ओढली. एकदाच. थांबा. आणि हाक मारली, "गो, हैद्राबाद, भायर ये, काय गावला तां बघ."

मी म्हटलं, "येतंय." आणि गेले नाही. बाळाचा ताप चढत होता, दवाखान्यातून सकाळी आणलेलं औषध त्यानं ओकून टाकलं होतं, मी परत पाजत होते. बाबांनी थोडा वेळ वाट बघितली, मग चपला वाजल्या, ते गेले. कुडाळला गेले, ते मला नंतर कळलं. सापडलेलं नाणं ठेवायची डबी आणायला.

तिन्हीसांजेला सासूबाईंचा फोन आला. मी रडत होते, त्या म्हणाल्या रडू नको, दृष्ट काढ, मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या, आणि एक रुपया. मिरच्या चुलीत टाक, मीठमोहरी नि रुपया तिठ्यावर. मी म्हटलं रुपया नाही. त्या म्हणाल्या, घरात एक रुपया नाही म्हणजे काय, असं कसं घर. मी काय सांगू त्यांना, की गावातली सगळी चिल्लर माझ्याच पडवीत आहे आणि माझ्याकडेच नाही. बाबांची कपाटं बंद, पिशवी त्यांच्या गळ्यात. आणि पडवीच्या कठड्यावर बशी, बशीत एक रुपया. मला वाटलं तिठ्यावरच्या क्रूसापाशी लावायच्या मेणबत्तीचे पैसे असतील. काळोख पडत होता, बाळ किंचाळत होता, मी बघितलंसुद्धा नाही. उचलला, सात वेळा बाळावरून उतरवला आणि धावले.

आता बाब पायरीवर बसून मला सांगत होते तो रुपया कसला ते. आवाज अगदी हळू, तिकीट देताना बाजूचा माणूस झोपलेला असावा तसा.

"एके बाजून सिंव्ह आसत. आणि दुसऱ्या बाजूनय सिंव्हच. पण उलटे, आरशात दिसतत तसे, आणि भितर दबलेले. कसा होता ठाव आसा? एक नाणा ठशाक चिकटान ऱ्हवता. कोणाक कळणा नाय. तेच्याचखाली दुसरा येता, वयसून ठोको बसता. मगे दुसऱ्याच्या अंगार आकडो उठणा नाय, पयल्याचे सिंव्ह उलटे उठतत."

"मगे तेका किंमत किती, बाब?"

"दोन हजार. शाणो गिऱ्हाईक नसलो तर चार." मग म्हणाले, "मिया इकूचो नव्हतंय. बावीस वरसां असल्या नाण्याची वाट बघतंय मी. गाडयेर होतंय तेव्हापासून."

मी हात जोडले. खोली सोडायला सांगतील, हे घरी नाहीत, तापलेलं पोर घेऊन मी कुठं जाऊ, हेच डोक्यात. बाब उठले आणि चालायला लागले. तिठ्याकडे. मी वहिनींकडून बाळाला घेतलं, पदरात गुंडाळलं आणि त्यांच्या मागून गेले. वहिनी ओरडल्या, तापाचं पोर बाहेर काढू नको, पण मला बाबांना एकट्याला तिथं जाऊ द्यायचं नव्हतं.

आमच्या तिठ्यावर एक खुरीस आहे, पांढरा रंग दिलेला दगडी क्रूस. बाबांची माणसं तिथं मेणबत्ती लावतात आणि आमची माणसं तिथं दृष्ट टाकतात. कुणाचं कुणाशी भांडण नाही. त्या दिवशीही मेणबत्ती होती. तिच्या उजेडात मीठमोहरी पडलेली आणि मध्ये रुपया.

बाब खाली बसले. दोन्ही हात पाठीमागे धरले, जसं लहान मुलाला सांगतात हात लावू नको, आणि वाकून बघितलं. मग एक हात पुढे काढून खिशातलं भिंग काढलं. भिंगातून बघितलं.

"उलटे सिंव्ह वर आसत," म्हणाले. "बघ. आता तरी बघ."

मी बघितलं. खरंच होते. मेणबत्तीच्या उजेडात खळग्यात पाणी साचल्यासारखे दिसत होते. तोंडं उलटी.

"उचललंय तर काय होता?" बाबांनी विचारलं.

"जो उचलता तेका लागता, बाब."

"माका लागांदे. म्हातारो आसंय. माझी आवसय काढी दिश्ट, माका ठाव आसा."

"आणि परत बाळाक लागला तर? सासूबाय म्हणाली, टाकलेला परत घरात येवक नको."

बाबांनी वर बघितलं. बाळ माझ्या खांद्यावर डोकं टाकून होता, रडून थकलेला, उचक्या देत. काजळाचा ठिपका गालभर पसरला होता.

"नोएडाक?" बाब म्हणाले.

मी पदर बाळाच्या डोक्यावर ओढला.

बाब तसेच बसून राहिले. तेवढ्यात मैदानातून खेळून पोरं येत होती, त्यांचा आवाज आला. बाबांनी इकडेतिकडे बघितलं, कुंपणाकडेची एक नारळाची करवंटी आणली आणि रुपयावर पालथी घातली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले, एक हात वर केला आणि हवेतली दोरी दोनदा ओढली.

"चल," म्हणाले. "पोराक वारो लागता."

घरी आल्यावर त्यांनी वहिनींना बाजूला केलं, चमचा गरम पाण्यात धुतला आणि औषध पाजायला बाळाचे हात धरले. बाळानं या वेळी ओकलं नाही. पहाटे घाम येऊन ताप उतरला. औषधानं उतरला की दृष्टीनं, मला सांगता येणार नाही. सासूबाई एक म्हणतात, डॉक्टर एक म्हणाले असते.

करवंटीनं मात्र गावात गोंधळ केला. तिठ्यावर पालथी करवंटी, भोवती मीठमोहरी, कुणी तरी करणी केली असं झालं. लोक वळसा घालून जाऊ लागले. पार्वतीवहिनी माशांची पाटी घेऊन लांबच्या वाटेनं जायच्या आणि घरी येऊन आम्हालाच सांगायच्या, "कोणा शिरा पडलेल्यान केल्यान काय म्हायत." बाब गंभीर तोंड करून म्हणायचे, "लय वायट माणूस आसतलो." आणि माझ्याकडे बघायचे नाहीत. मी आत पळायचे हसू लपवायला. चौथ्या दिवशी सकाळी करवंटी उलथी पडलेली आणि रुपया नाही. मी घाबरत सांगितलं. बाब चहा पीत होते, कप छातीशी.

"गेलो? जांवदे. चिल्लर खंय जातली? गावातच फिरतली आणि एक दिस माझ्याच पिशयेत येतली."

डबी त्यांनी त्या बशीत ठेवून दिली, कठड्यावर. रिकामी. मी रोज झाडताना ती बघायचे. आणि बाब आता सोमवारी नुसते बाजारात जात नसत, चार वाड्या पालथ्या घालत. रुपयाची नाणी जास्त मागत. भिंग डोळ्याला अगदी चिकटवून बसत. त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी यायचं, दवाखान्यात मोतीबिंदू सांगितला होता, मुलगी फोनवर ओरडायची, बाब म्हणायचे पावसानंतर. कधी कधी मला बोलवायचे. "गो, बघ, ह्यो ठिपको की चांदणी?" मी सांगायचे. मग बाब चिडायचे, "माका दिसता, तुझी परीक्षा घेतंय." पण असं आठवड्यातून चार चारदा परीक्षा व्हायला लागली.

बाळ चालायला लागला. बाबांच्या मनोऱ्यांना लाथ मारायचा आणि पळायचा. पन्नास नाणी पडवीभर. बाब म्हणायचे, "नोएडाचो माल, ठोको जोरात." आणि परत लावत बसायचे. एकदाही ओरडले नाहीत.

मग तो सोमवार. मी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात साखरेला गेले, बाळ कडेवर. दुकानदाराकडे सुटे नव्हते, त्यानं गल्ल्यातून एक रोल काढला, नारळ फोडावा तसा फळीच्या कडेवर आपटून फोडला. कॅलेंडरचं पान होतं. टोकाला भोक होतं. "बाबान शनवारी दिल्यान," म्हणाला. "मोजूची गरज नाय." चार रुपये माझ्या हातावर ठेवले.

बाबांच्या संगतीनं मला सवय लागली होती, एक बाजू, दुसरी बाजू. वाटेनं चालता चालता बघितले. पहिला, सिंह आणि आकडा. दुसरा, सिंह आणि आकडा. तिसरा, सिंह.

पालथा केला. सिंह. उलटे, दबलेले.

मी वाटेत उभीच राहिले. मागून मोटारसायकलवाल्यानं भोंगा वाजवला तरी हलले नाही. रोल बाबांचा. भोक बाबांचं. म्हणजे हा रुपया बाबांच्या हिरव्या फडक्यावर आला होता, बाबांनी हातात घेतला होता, भिंगाखाली धरला होता. आणि रोलमध्ये घालून गुंडाळून परत बाजारात पाठवला होता.

का? एक तर त्यांनी ओळखला. बावीस वर्षं जे शोधलं ते परत हातात आलं आणि ह्यानं नोएडाची दृष्ट उतरवली आहे, हे घरात येऊ नये, म्हणून डबीत न ठेवता सोडून दिलं, आणि मला एका शब्दानं कळू दिलं नाही. नाहीतर दुसरं. त्यांना तो दिसलाच नाही. डोळ्याखालून गेला आणि कळलं नाही. आणि हे दुसरं जास्त वाईट, कारण ज्याचे रोल कुणी मोजत नाही त्याला मी जाऊन सांगायचं, की बाब, हा तुमच्या हातातून सुटला.

पहिलं असेल आणि मी रुपया दिला, तर त्यांनी बाळासाठी केलेलं मी पुसलं, आणि टाकलेली दृष्ट माझ्याच हातानं घरात आणली. दुसरं असेल आणि नाही दिला, तर तो म्हातारा माणूस रिकामी डबी समोर ठेवून मरेपर्यंत शोधत बसेल, आणि रुपया माझ्या तांदळाच्या डब्यात.

चालत चालत घर आलं. मूठ घट्ट मिटलेली होती. बाळ मूठ उघडायला बघत होता, बोटं एकेक करून सोडवत होता.

पडवीत बाब तयार होते. पिशवी गळ्यात, टोपी डोक्यावर, पाय फाकवून उभे, जशी काही गाडी सुटणारच आहे. कठड्यावर बशी, बशीत डबी. मला बघितलं आणि घंटी एकदा ओढली. थांबा.

"काय गो हैद्राबाद, सुट्टे आसत?" आणि पिशवीचं तोंड उघडून माझ्यापुढे धरलं.

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं, की काही कळतंय का. उजव्यातून पाणी येत होतं, डावा हसत होता. नेहमीसारखाच.

"थांबलंस कित्याक? मुठीत काय आसा तां टाक."

मी काय केलं ते राहू द्या, आमच्या ह्यांनाही मी ते सांगितलेलं नाही. कडेवर बरं झालेलं पोर, समोर उघडी पिशवी आणि मुठीत चार रुपये. तुम्ही सांगा, तुम्ही असतात तर मूठ उघडली असतीत?